ऐकणारी कुणीतरी हवी



गेल्या गुरुवारी आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय दरवर्षीचाच, दशलक्षण पर्वात संध्याकाळचे कार्यक्रम कोणते ठेवायचे. थाळी सजावट, भजनांची अंताक्षरी, एक मिनिटाचे खेळ, धार्मिक हाऊजी. यादी दहा मिनिटांत तयार झाली, कारण ती गेल्या वर्षीच्या वहीतूनच उतरवली होती. मी म्हटलं, एक संध्याकाळ अशी ठेवू या की ज्यांना वाटेल त्यांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी वाचून दाखवायचं. भजन असो, माहेरची आठवण असो, कुणाला लिहिलेलं पत्र असो. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक काकू हसून म्हणाल्या, "अगं, आपण काय लेखिका आहोत का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात सरबत आलं आणि विषय संपला.

घरी येऊन मेथी निवडताना मला उत्तर सुचलं. माझी उत्तरं नेहमी अशीच, भाजी निवडताना येतात. ते आज इथे लिहिते.

माझी मुलगी नागपूरला इंग्रजी साहित्यात एम.ए. करते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तुमसरला आली तेव्हा तिच्या अभ्यासात इंग्रजीतला रोमँटिक काळ होता, म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. वर्डस्वर्थची डॅफोडिल्सच्या फुलांची कविता आपल्यातल्या पुष्कळजणींनी शाळेत पाठ केली असेल. कवितेत कवी एकटा आहे. मुलीने सांगितलं की तो एकटा नव्हताच. १५ एप्रिल १८०२ ला तळ्याकाठी ती फुलं पाहिली तेव्हा त्याची बहीण डोरोथी सोबत चालत होती. तिने घरी येऊन ते सगळं आपल्या रोजनिशीत बारकाईने लिहून ठेवलं. कविता झाली ती दोनेक वर्षांनी, आणि त्यातल्या दोन उत्तम ओळी बायकोने, मेरीने सुचवल्या असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. डोरोथीची रोजनिशी तिच्या हयातीत छापली गेली नाही. मला त्या भावाचा राग नाही आला. मला वाटलं, बरं झालं, घरात ऐकणारं आणि सुचवणारं माणूस होतं म्हणून ती कविता झाली. प्रश्न एवढाच की डोरोथीचं ऐकणारं कोण होतं?

मग मुलीकडून मी आणखी काही जणींबद्दल ऐकलं. त्याच्या थोडं आधी लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यू नावाच्या श्रीमंत बाईने आपल्या घरी पत्त्यांचे डाव बंद करून त्याऐवजी पुस्तकांवर गप्पांच्या बैठका सुरू केल्या. (हाऊजी बंद करणारी पहिली बाई म्हणा ना!) तिच्या मंडळींना 'ब्लूस्टॉकिंग' म्हणजे निळे मोजेवाले असं नाव पडलं. ते मोजे खरं तर तिथे येणाऱ्या एका पुरुषाचे होते, पण पुढे तो शब्द फक्त शिकलेल्या बायकांना टोचून बोलायला वापरला गेला. बर्लिनमध्ये राहेल नावाची एक ज्यू मुलगी होती. ना पैसा, ना रूप, ना समाजात स्थान. तिच्या माळ्यावरच्या खोलीत चहावर लेखक, नट्या, राजपुत्र जमायचे. १८०६ मध्ये नेपोलियनची फौज शहरात आली आणि ती बैठक मोडली. राहेलने पुस्तक लिहिलं नाही, पत्रं मात्र हजारोंनी लिहिली. आणि आयर्लंडच्या दोघी मैत्रिणी, एलिनॉर बटलर आणि सारा पॉन्सनबी, १७७८ मध्ये घर सोडून निघाल्या आणि वेल्समधल्या लँगोलन गावी जाऊन पन्नास वर्षं एकत्र राहिल्या. वाचन, बाग, रोजनिशी. वर्डस्वर्थसुद्धा त्यांना भेटायला तिथे गेला होता.

हे ऐकून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. काकू समजतात तसं, आधी लेखिका होते आणि मग तिला ऐकणारे मिळतात, असं नाही घडत. ऐकणारी आधी असते. तिच्यामुळे दुसरी लिहिते.

आपल्या परंपरेत तर हे अगदी मुळापासून आहे. भगवान आदिनाथांनी लिपी कुणाला शिकवली? ब्राह्मीला. अंक शिकवले सुंदरीला. पाठशाळेत हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. अक्षर शिकणारी आपली पहिली मुलगी बहिणीसोबत बसून शिकली. आणि राजुल? नेमिनाथ गिरनारकडे वळले तेव्हाचे तिचे बारामासे आपण गातो. त्यातले पुष्कळ कुणाला उद्देशून आहेत? सखीला. सखीने ऐकलं नसतं तर राजुल बोलली कुणाशी असती? पण त्या सखीचं नाव काय, असं मी पाठशाळेतल्या मुलींना विचारलं तर एकीलाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

फार लांब कशाला, आता श्रावणात आपल्याच जिल्ह्यात कुठल्याही बांधीवर जा. रोवणी करणाऱ्या बाया ओळीने वाकून परे लावत असतात. एक जण गाण्याची ओळ उचलते, दुसरी ती पुढे नेते, मधेच तिसरी आपल्या नणंदेला त्यात गुंफते आणि सगळी रांग हसते. त्या चिखलातल्या बायांना कुणी विचारत नाही की तुम्ही कवयित्री आहात का.

आता मराठीतली खरी गोष्ट सांगते, कारण ती मला इंग्रजीपेक्षा जास्त लागली. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. वय चोवीस, नुकतंच वैधव्य आलेलं, कडेवर लहान मुलगी. त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला. बायकांनी एकत्र जमायचं, वाचायचं, बोलायचं. तिथे जाणाऱ्यांत न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई होत्या. त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. जमलं तर वाचाच, वाचनालयात मिळेल. आपल्याला वाटतं की त्या काळात बायकांना पुरुषांनी अडवलं. त्या पुस्तकात नवरा तर शिक म्हणून मागे लागलेला आहे. जाच आहे तो स्वयंपाकघरातल्या बायकांचा. सासूबाई, नणंद, घरात आश्रयाला असलेल्या वडीलधाऱ्या. सभेला जाऊन आली की टोमणे, अबोला. बिचारी दिवसभर त्यांच्यातच वावरणार, त्यांच्याच पंक्तीला बसणार. विशीतली सून, एकीकडे नवऱ्याची इच्छा आणि दुसरीकडे हे. मी ते वाचताना पुस्तक दोनदा मिटलं.

आणि तरीही ती जात राहिली, कारण तिथे बसल्यावर तिचं ऐकणाऱ्या बायका होत्या. पुढे पुण्यात सेवासदन उभं राहिलं त्यात याच रमाबाई होत्या.

त्याच काळातली आनंदीबाई जोशी. डॉक्टर म्हणून आपण तिला ओळखतो. पण तिची पत्रं? अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाच्या गावी मिसेस कार्पेंटर म्हणून एक बाई होत्या. दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी एका मासिकात आनंदीबाईच्या नवऱ्याचं पत्र वाचलं आणि या अनोळखी मुलीला लिहिलं. मुलीने उत्तर दिलं. पत्रं सुरू झाली, आणि ती त्यांना मावशी म्हणू लागली. तब्येत, सण, बाळ जाऊन आलेलं दुःख, नवरा, धर्म, सगळं ती या मावशीला लिहायची. १८८३ मध्ये जहाजाने गेली ती याच मावशीच्या घरी उतरली. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभासाठी फिलाडेल्फियाला आल्या होत्या. दुसऱ्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. वय बावीसही पूर्ण नव्हतं. तिच्या अस्थी मिसेस कार्पेंटरकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तिचं चरित्र कुणी लिहिलं? काशीबाई कानिटकरांनी. त्याही नवऱ्याच्या आग्रहाने, घरातल्यांच्या नजरा चुकवत लिहायला-वाचायला शिकलेल्या.

मी पुष्कळदा विचार करते, आनंदीबाईला मनातलं सांगायला सातासमुद्रापलीकडची बाई का लागावी? कल्याण-ठाण्यात, कोलकात्यात, श्रीरामपूरला शेजारी बायका नव्हत्या का? होत्या की. पण शेजारच्या बाईला सांगितलेलं पाणी भरायच्या वेळेपर्यंत गल्लीभर होतं. रोझेलच्या मावशीला सांगितलेलं रोझेललाच राहिलं.

यानंतर मराठीत प्रेमकवितेचा, निसर्गकवितेचा बहर आला. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश अशी मोठी नावं. चहाला जमायचे, एकमेकांना कविता वाचून दाखवायचे. आठ जणांत बाई एकच, मनोरमाबाई रानडे, आणि त्याही एका सभासद कवीच्या पत्नी. पुढे इंदिरा संत यांचा पहिला संग्रह 'सहवास' १९४० मध्ये आला तोही नवऱ्यासोबतचा. म्हणजे घरातला पुरुष कवी असेल तर बाईला बैठकीत जागा. ज्यांचे नवरे तुमसरच्या बाजारात धानाचा भाव पाहतात त्यांनी काय करायचं? आपले हे चांगले आहेत, आपल्याला कधी अडवत नाहीत, पण मी काही वाचून दाखवायला घेतलं की त्यांना चौथ्या ओळीला झोप लागते.

आपल्या समाजातही ऐकणाऱ्या होऊन गेल्या. मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची मुलगी मगनबाई. ऐन तारुण्यात विधवा झाली. त्या काळी अशा मुलीला कोपऱ्यातली खोली मिळायची. वडिलांनी तिला शास्त्र शिकवायची व्यवस्था केली, आणि तिला ललिताबाई नावाची सोबतीण मिळाली. तीही तशीच. दोघींनी एकमेकींचं दुःख नुसतं ऐकलं नाही, त्यातून मुंबईत श्राविकाश्रम चालवला, महिला परिषद उभी करण्यात पुढे राहिल्या. त्यांच्याच वर्तुळातल्या कंकुबाईंच्या नावाने आपल्या विदर्भात, कारंज्याला श्राविकाश्रम आहे. आरा शहरच्या पंडिता चंदाबाईंनी 'जैन महिलादर्श' मासिक चालवलं, म्हणजे गावोगावच्या जैन बायकांना लिहायला हक्काची जागा दिली. आज आपल्या मंडळात मगनबाईंचं नाव किती जणींना माहीत आहे? जयंतीला फोटो लावायला आपल्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती दिली नाही तर वरचं सगळं लिहायचा मला अधिकार नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी दुपारच्या स्वाध्यायानंतर मंदिराच्या ओसरीवर थांबायचो. कुणी ठरवलं नव्हतं. एकीने भजन रचलं होतं ते वाचलं, मग दुसरीने धीर केला. असं सातआठ वेळा झालं असेल. त्यात एक वहिनी होती, सगळ्यात कमी बोलणारी. एक दिवस तिने पिशवीतून वही काढली आणि वाचलं. लग्नानंतर तिला डी.एड. करायचं होतं. फॉर्म आणला होता, भरला होता, फोटोही चिकटवला होता. तो फॉर्म सासूबाईंनी कपाटातल्या खणात अंथरायला घेतला. त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. एवढंच लिहिलं होतं, दीड पान. दरवर्षी बरण्या पुसताना तिला आपला फोटो दिसायचा, तेलात भिजलेला. आम्ही कुणी काही बोललो नाही. एकीने तिचा हात धरला.

मी घरी आले आणि माझ्या जाऊबाईंना हे सांगितलं. वाईट हेतूने नाही. उलट कौतुकाने सांगितलं, की बघा ती इतकी गप्प बाई किती छान लिहिते. जाऊबाईंनी त्यांच्या बहिणीला सांगितलं. चौथ्या दिवशी ते तिच्या घरी पोचलं, आणि पोचेपर्यंत त्याचं "सासूची बदनामी करते" असं झालेलं होतं. वहिनी त्यानंतर ओसरीवर थांबली नाही. मग हळूहळू कुणीच थांबेना. अजून ती मंदिरात भेटते, जय जिनेंद्र म्हणते आणि नजर खाली ठेवून पुढे जाते. वही कुठे आहे, आहे की नाही, मला विचारायची हिंमत झाली नाही.

म्हणून रमाबाई रानड्यांचं पुस्तक वाचताना मी ते मिटलं होतं. त्या स्वयंपाकघरातल्या बायकांत मला मी दिसले.

आपल्या शास्त्रात यावर नेमका शब्द आहे. भगवती आराधनेत, ज्यांच्यापुढे साधक आपल्या दोषांची आलोचना करतो त्या आचार्यांचे गुण सांगितले आहेत. त्यातला एक, अपरिस्रावी. ज्याच्यातून गळत नाही तो. तापलेल्या लोखंडाने पाणी पिऊन टाकावं आणि थेंबही बाहेर येऊ नये, तसं ऐकलेलं त्याच्यातच जिरतं. मी हा शब्द प्रवचनात कितीदा ऐकला असेल. तो मुनींसाठी आहे असं समजून सोडून दिला. ओसरीवर बसणाऱ्या बायकांना तो सगळ्यात आधी लागतो हे मला एका मैत्रिणीला गमावून कळलं.

एका वयस्कर आत्यांनी माझ्या सूचनेवर दुसरी हरकत घेतली होती, आणि ती मला काकूंच्या हसण्यापेक्षा जड वाटते. त्या म्हणाल्या, "लिहून दाखवलं की वा वा होते, वा वा झाली की मान वाढतो. कषाय कमी करायला जमतो आपण, वाढवायला नाही." आत्यांचं खरं आहे. मला स्वतःलाच या लेखावर किती जणींनी काय म्हटलं ते दहा वेळा पाहायची सवय आहे. पण आत्या, मान तर थाळी सजावटीतही वाढतो. गेल्या वर्षी दुसऱ्या नंबरावरून दोन घरांत बोलणं बंद झालं होतं, ते तुम्हीच मिटवलंत. म्हणून मी म्हणते, वाचनाला नंबर नको, बक्षीस नको, परीक्षक नको, टाळ्याही नकोत. व्हिडिओ तर अजिबात नको. वाचणारीने वाचावं, ऐकणारींनी ऐकावं आणि घरी जावं. जी लिहीत नाही तिने नुसतं ऐकायला यावं, तिची गरज जास्त आहे.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न आपल्याला तरी पडू नये. कॉलनीतल्या माझ्या इतर मैत्रिणी रात्री साडेनऊपर्यंत पोळ्या लाटत असतात. आपल्या घरी सूर्य मावळायच्या आत ताटं उचललेली असतात. निदान चातुर्मासात तरी. ओटा पुसला की स्वयंपाकघर सकाळपर्यंत बंद. एवढा मोकळा वेळ दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईला मिळतो? धर्माने आपल्याला रोज संध्याकाळी हातात ठेवलेला तास आहे हा. आरती झाल्यावर आपण तो मोबाइलला देऊन टाकतो, मीसुद्धा.

तर मंडळाच्या यादीत माझा कार्यक्रम नाही, हे ठीक आहे. दशलक्षणात थाळ्या सजवू, मी यंदाही भाग घेणार आहे. पण त्याआधी, येत्या मंगळवारपासून, आरतीनंतर आमच्या घरी मागच्या खोलीत मी सतरंजी घालणार आहे. वहिनीकडे मी उद्या स्वतः जाते आहे. आधी माफी मागायची आहे, क्षमावाणीची वाट पाहत चार वर्षं काढली तेवढी पुरे. ती येईल का ते मला माहीत नाही, आली नाही तर तिचा हक्कच आहे.

तुम्हा बाकीच्यांनी याव्या. वही आणा, नसेल तर नुसत्या या. रविकिरण मंडळासारखा चहा मात्र मिळणार नाही, सूर्य मावळलेला असेल. ज्यांचा चौविहार नसेल त्यांच्यासाठी पाणी उकळून, गाळून ठेवते.